रंगातून रंगाकडे : प्रस्तावना

एका रंगातून दुसऱ्या रंगात, आणि त्या दुसऱ्यातून तिसऱ्यात, मध्ये कोठेही शिवण न दिसता नजरेने उतरत जावे, ही मुद्रणकलेची फार जुनी आकांक्षा आहे. आणि तीच आकांक्षा आज मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी, वणी-यवतमाळ रस्त्यालगतच्या एखाद्या अरुंद गाळ्यात, एक संगणक आणि स्क्रीनची एक चौकट एवढ्या भांडवलावर बसलेल्या कारागिराकडून जवळजवळ रोज मागितली जाते. लग्नपत्रिका असो, शंकरपटाचा फलक असो, पोळ्याच्या शुभेच्छा असोत, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे बॅनर असोत की कबड्डी संघाच्या जर्सी असोत, गिऱ्हाईक येते ते मजकुराचा कागद पुढे सरकवून सांगते, “भाऊ, मांगं मस्त शेड मारून द्या.” मजकूर त्याने लिहून आणलेला असतो, छायाचित्रे मोबाइलमध्ये असतात, किंमतही बहुधा शेजारच्या दुकानात विचारून ठरवलेली असते, ती ‘शेड’ मात्र सर्वस्वी कारागिराच्या विवेकावर सोपविलेली असते, आणि त्या कारागिराला त्याविषयी मराठीत सविस्तर सांगणारे लिखाण सहसा हाती लागत नाही. प्रस्तुत पुस्तिका त्याच्यासाठी लिहिली आहे.

आमच्या या व्यवसायात कोरलमधील ‘फाउंटन फिल’ उघडून दोन टोकांना दोन रंग ठेवले की काम झाले, अशी समजूत दृढ झालेली दिसते. दोन टोकांचे रंग निवडणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग होय. ते रंग गिऱ्हाईक सांगते, पक्ष सांगतो, मंडळाची परंपरा सांगते. खरे कसब लागते ते त्या दोन रंगांच्या मधल्या वाटेवर, जी कोणीच सांगत नाही आणि जी यंत्रावर सोपविली असता यंत्र गणिताने सर्वांत जवळची वाट काढते, डोळ्याला सुखावणारी वाट काढीत नाही. बिघडलेल्या बहुतेक बहुरंगी पार्श्वभूमी तपासून पाहाव्यात. टोके बिनचूक असतात, बिघाड मध्येच सापडतो. या पुस्तिकेतील प्रकरणांची रचना म्हणूनच रंगांच्या टोकांपासून सुरू न होता त्यांच्या मध्यापासून सुरू झाली आहे.

हा मध्य साधणे इतके अवघड का, याचे उत्तर मुद्रणाच्या मूळ स्वभावात आहे. चित्रकाराला कुंचल्यात पाणी वाढवून रंग हवा तितका विरळ करता येतो. मुद्रकाला ती मुभा नाही. शिळा असो, जस्ताची प्लेट असो की स्क्रीनची जाळी असो, तिच्या प्रत्येक बिंदूपाशी दोनच गोष्टी संभवतात: तेथे शाई लागेल किंवा लागणार नाही. अर्धी शाई ही चीज अशा छपाईत नाही. बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शिळामुद्रणाची युक्ती काढली तेव्हापासून छापणाऱ्याने छटेसाठी जे जे केले, ते ते या एका अडचणीतून काढलेले मार्ग आहेत. शिळेचा पृष्ठभाग वाळूने घासून रवाळ करावा, त्यावर मेणचट खडूने हलक्या किंवा जड हाताने रेखाटावे, म्हणजे हलक्या हाताखाली रव्यांची केवळ शिखरे स्निग्ध होतात, जड हाताखाली दऱ्याही भरतात, आणि शाई चढविल्यावर डोळ्याला फिकट व गडद अशा छटांचा भास होतो. किंवा मग लेखणीने ठिपक्यांमागून ठिपके द्यावेत, विरळ हवे तेथे विरळ, दाट हवे तेथे दाट. रंगीत चित्रासाठी हा सारा खटाटोप प्रत्येक रंगाच्या स्वतंत्र शिळेवर पुन्हा करायचा, आणि त्या सर्व शिळा एकाच कागदावर केसाइतकाही फरक न पडू देता उतरवायच्या.

महाराष्ट्रात ही विद्या लौकर रुजली, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे; कारण तालुक्याच्या गावातील कारागिरास आपली कला परक्या संगणकाबरोबर आयती आली असे वाटत असेल, तर तो समज खरा नाही. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा हा छापखाना स्थापिला आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर जाऊ लागली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रे व जर्मन तंत्रज्ञ आणून आपला शिळाछापखाना सुरू केला. तो पुढे मुंबई-पुणे मार्गावरील मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रित्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांत देवतेमागे जे आकाश पसरलेले दिसते, त्याकडे भिंगातून पाहावे. क्षितिजाजवळचा फिका गुलाबी रंग वर जाता जाता कोठे निळा झाला हे साध्या डोळ्याला सांगता येत नाही. भिंगाखाली मात्र गुलाबी ठिपके विरळ होत चाललेले आणि निळे ठिपके त्यांच्या मोकळ्या जागांत दाटत आलेले स्पष्ट दिसतात. आज फ्लेक्सच्या यंत्रातून शाईचे जे सूक्ष्म थेंब पडतात त्यांचे कार्य नेमके हेच आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके हेदेखील चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मांच्या छापखान्याच्या कामाशी निगडित होते आणि पुढे त्यांनी स्वतःचा मुद्रणव्यवसाय केला.

परंतु ठिपक्यांवाचूनही एक मार्ग आहे, आणि तो मला व्यक्तिशः अधिक प्रिय आहे. जपानी काष्ठमुद्रणात त्याला ‘बोकाशी’ म्हणतात. हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या निसर्गचित्रांत आकाशाच्या माथ्यावर गडद निळ्याचा जो पट्टा खाली विरत जातो, तो ठोकळ्यावर कोरलेला नसतो. ठोकळा सपाटच असतो. मुद्रक तो ओल्या फडक्याने भिजवितो, एका कडेला रंग लावतो आणि कुंचल्याने तो पाण्यात ओढीत नेतो. प्रत्येक प्रतीसाठी ही क्रिया नव्याने करावी लागते. तिच्या मागील तत्त्व असे की, छटा साच्यात न घडविता शाईतच घडवावी. आणि हेच तत्त्व मुद्रणाच्या अगदी निराळ्या दालनात, म्हणजे सरकारी मौल्यवान दस्तऐवजांत, अवतरले. शाईच्या हौदात दोन रंग शेजारी शेजारी भरावेत, आडवे सरकणारे रूळ त्यांची सीमारेषा घोटून मिटवीत राहावेत, आणि बारीक नक्षीची एकेक अखंड रेषाच एका रंगातून दुसऱ्यात जावी. ठिपक्यांनी नक्कल करू जाता ती रेषा तुटते, सबब नक्कल उघडी पडते. नाशिक रोड येथे १९२५ पासून भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ पासून चलनी नोटांचे मुद्रणालय आहे. सुरक्षामुद्रणाचे हे शास्त्र आपल्याच प्रांतात इतकी वर्षे पाळले गेले आहे. कचेरीत हाती येणाऱ्या मुद्रांकाच्या किंवा धनादेशाच्या पार्श्वभूमीकडे कारागिराने अभ्यासाच्या दृष्टीने पाहावे.

शाईतच छटा घडविण्याची हीच युक्ती मारेगावात लग्नपत्रिका स्क्रीनवर छापताना विनाखर्च करता येते, आणि ती पाहण्याजोगी असते. तयार पत्रिकेवर नावे छापायची आहेत असे समजा. चौकटीच्या कडेला जाळीवर डावीकडे लाल शाई, उजवीकडे सोनेरी पिवळी शाई अशा दोन ओळी ओतायच्या, दोहोंमध्ये बोटभर अंतर सोडायचे आणि स्क्वीजी सरळ खाली ओढायची. पहिल्या दोन-चार ओढींत दोन रंगांमध्ये उघडी भेग दिसते. रद्दी कागदावर त्या ओढी जाऊ द्याव्यात. मग स्क्वीजीच्या धारेखाली शाया एकमेकींत शिरू लागतात, मध्ये नारिंगी पट्टा जन्मतो, आणि पुढच्या पत्रिका अत्यंत देखण्या निघतात. पुढे पुढे तो नारिंगी पट्टा रुंदावत जातो, लाल व पिवळा दोन्ही टोकांकडे ढकलले जातात, आणि शेवटी संपूर्ण ओळच नारिंगी होऊन बसते. त्यापूर्वी जाळी पुसून नव्याने शाई भरावी लागते. हात थोडा तिरपा गेला तर मिश्रण नागमोडी होते. या पद्धतीत कोणत्याही दोन पत्रिका तंतोतंत सारख्या निघत नाहीत, हे गिऱ्हाइकास आधी सांगावे. माझ्या मते तो दोष मानण्याचे कारण नाही. लाल-पिवळी ही जोडी येथे हेतुपूर्वक सांगितली आहे, कारण तिचा मध्य शुद्ध नारिंगी येतो. लाल आणि हिरवी अशा शाया ओतून पाहिल्यास मध्ये काय निघते, हे एकदा रद्दी कागदावर अवश्य पाहावे.

हा जो मधला रंग, तोच या पुस्तिकेचा गाभा. चार शायांच्या भाषेत बोलायचे तर भगवा म्हणजे अंदाजे मॅजेंटा ६० टक्के व पिवळा १०० टक्के, आणि गडद निळा म्हणजे सायन १०० टक्के व मॅजेंटा ७० टक्के. संगणकास या दोहोंमध्ये संक्रमण करण्याचा हुकूम दिला की तो बरोबर मध्यावर सरासरी मांडतो: सायन ५०, मॅजेंटा ६५, पिवळा ५०. तिन्ही शाया जवळजवळ समान प्रमाणात एकत्र आल्या की त्या एकमेकींचा तजेला मारतात, आणि भगव्यासारख्या प्रखर व निळ्यासारख्या गंभीर रंगाच्या मधोमध मातकट करडा डाग उमटतो. उपाय असा की सरळ वाट सोडावी आणि इंद्रधनुष्याच्या कडेने वळसा घालून जावे. भगव्यानंतर ज्याला आपण राणी कलर म्हणतो तो शुद्ध मॅजेंटा ठेवावा, त्यानंतर सायन ६० व मॅजेंटा १०० असा जांभळा, आणि मग निळा. या वाटेवर कोठेही तिसरी मारक शाई येत नाही. पहिल्या व शेवटच्या टप्प्यावर एक शाई उतरते, दुसरी चढते; मधल्या टप्प्यावर केवळ सायन चढते. तसेच भगव्यातून हिरव्यात जाताना मध्ये शुद्ध पिवळा ठेवावा, नाहीतर शेवाळी रंग येतो. बहुरंगी संक्रमणातील ‘बहु’ हा अशा रीतीने अलंकारासाठी नसून बहुधा शुद्धतेसाठी असतो. काळ्याचेही तेच. नुसत्या काळ्यातून लालात गेले तर मध्य राखेरी होतो. काळ्याच्या पोटात आधीपासून तोच लाल भरून ठेवला आणि फक्त काळी शाई उतरवीत नेली, तर तांबूस अंधार उजळत गेल्यासारखा परिणाम मिळतो.

आमच्या भागात रंग ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. आंबेडकर जयंतीचा निळा, गोंड आदिवासींच्या मेळाव्यांतील पिवळा, शिवजयंतीचा भगवा, या रंगांमागे माणसांची निष्ठा उभी असते. असा रंग पार्श्वभूमीत विरविताना तो मळला, किंवा फ्लेक्सवर निळा छापायला जाऊन जांभळट उतरला, तर ती तांत्रिक चूक पाहणाऱ्याला अनादरासारखी लागते, आणि त्याचे तसे वाटणे रास्त आहे. निळ्याचे जांभळे होणे ही तक्रार तर नित्याचीच. तिचे कारण निळ्यातील मॅजेंटा जास्त असणे हेच बहुतेक वेळा असते, आणि मॅजेंटाची टक्केवारी सायनच्या निम्म्याच्या आसपास आणली की ती दूर होते. त्यातच पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. प्रकाशाचा तो झळझळीत निळा चार शायांना कधीच गाठता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला मोबाइलवर नमुना दाखवून मंजुरी घेण्याची जी रीत पडली आहे ती मला घातक वाटते. हातभर का होईना, छापलेला तुकडा दाखवावा.

दुसरा मोठा रोग पट्ट्यांचा. ‘शेडमध्ये लाइनी आल्या’ अशी तक्रार येते तेव्हा दुकानदार यंत्राला दोष देतो आणि यंत्रवाला फाइलला. दोघांपैकी कोण खरा, हे ठरविण्याआधी थोडे गणित पाहावे. संगणकात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. दहा फूट रुंद फ्लेक्सवर एकाच शाईची छटा १० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत नेली, तर त्या २० टक्क्यांच्या अंतरात पायऱ्या येतात केवळ ५१. १२० इंचांत ५१ पायऱ्या, म्हणजे एक पायरी सव्वादोन इंचांहून थोडी अधिक रुंद. शेजारच्या दोन पायऱ्यांतील फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. तो दिसू नये असे वाटते, पण दिसतो, कारण मानवी डोळा सीमारेषेवर फिकट बाजू अधिक फिकट आणि गडद बाजू अधिक गडद करून पाहतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दृष्टीचा हा धर्म वर्णन केला, आणि छापखान्यात तो दररोज प्रत्ययास येतो. यावर गुळगुळीतपणा वाढविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. उलट फोटोशॉपमध्ये एक-दोन टक्के ‘नॉइज’ घालून छटा किंचित खरबरीत करावी, म्हणजे पायऱ्यांच्या कडा विस्कटतात आणि डोळा फसत नाही. शिळेच्या रव्याने जे काम होत असे तेच हे काम. एकाहून अधिक शाया एकाच वेळी बदलत असतील तरी पट्टे कमी जाणवतात, कारण निरनिराळ्या शायांच्या पायऱ्या एकाच जागी येत नाहीत. आणि दोष फाइलचा की यंत्राचा, याचा निवाडा करायचा तर तेच चित्र नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा छापावे: पट्टे चित्राबरोबर फिरले तर दोष फाइलचा, न फिरता हेडच्या चालीच्या दिशेनेच राहिले, तर कापड पुढे सरकविण्याच्या मापात किंवा बुजलेल्या नोझलमध्ये दोष आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्याला मऊ छटांची गोडी लावण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या दोन चित्रकारांचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे होईल. रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांनी हवेच्या दाबाने रंगाचे तुषार सोडणाऱ्या स्प्रेवर असे प्रभुत्व मिळविले होते की त्यांच्या देवदेवतांच्या मुखामागील तेजोवलय नेमके कोठे संपते हे सांगता येत नसे; कॅलेंडरांच्या व दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांच्या द्वारे ते तेज खेड्यापाड्यांतील भिंतींवर पोहोचले. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी ‘दीपावली’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवर रंगांचा निराळाच संसार मांडला. संक्रमण कोठे करावे आणि कोठे मुळीच करू नये, ही समज मला दलालांच्या चित्रांतून आली. सपाट रंगाचा एक निर्भय तुकडा शेजारी असल्यावाचून विरणाऱ्या छटेला किंमत येत नाही. आजच्या फ्लेक्सवर पार्श्वभूमी विरते, चौकट विरते, अक्षरे विरतात, नेत्याच्या छायाचित्राचा खांदाही विरतो. परिणामी नजरेला टेकायला जागा उरत नाही.

अक्षरांविषयी तर आग्रहाने सांगायचे आहे. देवनागरीची शिरोरेषा हा वाचनाचा आधार असून वेलांट्या, मात्रा व अनुस्वार ही तिची नाजूक अंगे आहेत. निळ्यातून पिवळ्यात जाणाऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली तर निळ्यावर उठून दिसणारी ओळ पिवळ्यावर येईतो नाहीशी होते, आणि सर्वांत आधी हरवतो तो अनुस्वार. स्क्रीन छपाईत अक्षरांच्या आतच छटा भरली, तर बारीक वेलांटीच्या वाट्याला एखादाच ठिपका येतो व ती तुटते. मजकुरामागे छटेचा पल्ला लहान ठेवावा आणि अक्षरे एकरंगी ठेवावीत, हा नियम मी निरपवाद मानतो.

निरनिराळ्या माध्यमांची प्रकरणे स्वतंत्र असल्याने त्यांच्याविषयी येथे थोडक्यातच लिहितो. मग आणि जर्सी यांवर सब्लिमेशनने छपाई होते तेव्हा सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने शाईची वाफ होऊन ती जर्सीच्या पॉलिस्टर धाग्यात किंवा मगावरील पॉलिस्टरच्या लेपात शिरते. ठिपक्यांच्या कडा आपोआप विरघळत असल्याने छटांसाठी इतके अनुकूल दुसरे माध्यम नाही. ही शाई सुताला मात्र धरीत नाही, आणि कापसाच्या या जिल्ह्यात सुती टी-शर्टवर छपाई मागणारे गिऱ्हाईक पुष्कळ असते. त्यांच्यासाठी स्क्रीन किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर उतरविण्याची पद्धत). डीटीएफमध्ये रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर असतो, म्हणून छटा कापडात विरवीत नेली की कडेला पांढरट धुके उठते आणि चिकट भुकटी धड धरत नाही. तेथे छटेचे ठिपक्यांत रूपांतर करून मगच फाइल द्यावी. स्क्रीनवर पाच-दहा टक्क्यांखालील ठिपके जाळीत टिकत नाहीत, त्यामुळे शून्यापर्यंत नेलेली छटा शेवटी कापल्यासारखी तुटते. ती शून्यापर्यंत न नेता चित्राच्या कडेबाहेर संपवावी किंवा एखाद्या आकाराखाली लपवावी.

पुस्तिकेच्या अखेरीस रंगजोड्यांची कोष्टके दिली आहेत. दोन टोकांचे रंग आणि त्यांच्यामध्ये ठेवायचे एक किंवा दोन मधले रंग, अशी त्यांची मांडणी आहे. ही टक्केवारी प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक शाईत आणि प्रत्येक फ्लेक्सवर जशीच्या तशी लागू पडेल असे मी म्हणत नाही. मारेगावहून फाइल वणीस जाईल, यवतमाळास जाईल किंवा नागपुरास जाईल. तेथील यंत्र निराळे, शाई निराळी. म्हणून कोष्टकातील जोड्या दोन इंच रुंद पट्टीच्या रूपाने एकाच फाइलमध्ये मांडाव्यात आणि ज्या ठिकाणी आपले काम छापले जाते तेथे, मोठ्या फलकाच्या कडेला फुकट जाणाऱ्या जागेत ती पट्टी छापून घ्यावी. पट्टीवर छापखान्याचे ठिकाण, यंत्राचे पास व महिना लिहून ती दुकानात दिवसाच्या उजेडात टांगावी, आणि गिऱ्हाइकाने शेड मागितली की पडद्याआधी त्याला त्या पट्टीपाशी न्यावे. फ्लेक्सचा दुसरा रोल आला किंवा यंत्रवाल्याने शाई बदलली की पट्टी नवी काढावी आणि जुनी फेकू नये. दोन्ही शेजारी टांगल्या असता कोणत्या शाईचा मध्य कोणत्या बाजूला सरकला हे लगेच ध्यानात येते, आणि पुढच्या फाइलमध्ये तेवढेच टक्के इकडेतिकडे करता येतात.

मारेगाव, जि. यवतमाळ